हरलेल्यालाही खुर्ची देणारी संसद

10 नोव्हेंबर 2024 ला मॉरिशसमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा एकाच आघाडीने जिंकल्या आणि नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले. ज्या आघाडीची सत्ता गेली, तिचा तिथे एकही माणूस निवडून आला नव्हता. तरी थोड्याच दिवसांत संसदेत विरोधी पक्षनेता बसला. त्यांचं नाव जो लेजोंगार. ते स्वतःच्या मतदारसंघात हरले होते.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. लोकसभा, राज्यसभा, विधानसभा शिकवून झालं की जगातल्या एखाद्या वेगळ्या संसदेची गोष्ट सांगते. मॉरिशसचं हे ऐकल्यावर एका मुलीने ताडकन विचारलं, "बाई, हरलेला माणूस खुर्चीवर बसणार असेल तर मतदान घ्यायचंच कशाला?" प्रश्न चोख होता. एका तासात त्याचं उत्तर पुरं झालं नाही, म्हणून हा लेख.

आधी बेटाविषयी थोडं. हिंदी महासागरातलं हे मुख्य बेट गोव्याच्या साधारण निम्म्याएवढं. देशाची लोकसंख्या 12 लाखांच्या वर. इथे मूळचं असं कोणीच नाही. माणूस पोहोचण्याआधी बेट निर्मनुष्य होतं. डच आले आणि गेले, मग फ्रेंचांनी ऊस लावला आणि आफ्रिका, मादागास्कर इथून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या अटींमध्ये इथल्या रहिवाशांचे कायदे, धर्म, चालीरीती आणि मालमत्ता जशाच्या तशा ठेवण्याचं कबूल केलं. त्यामुळे गव्हर्नर इंग्रज, मळेवाले फ्रेंच आणि राबणारे गुलाम अशी मांडणी झाली. 1835 मध्ये गुलामगिरी संपली आणि ती संपणार हे दिसताच मळ्यांना नवे हात हवे झाले. ते भारतातून नेले गेले. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. ती जागा आज 'आप्रवासी घाट' म्हणून जागतिक वारसा यादीत आहे.

बहुतेक माणसं बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, बरीच मद्रास इलाख्यातली. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत कोकणातली, घाटावरची मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, शाळांमध्ये मराठी शिकवली जाते आणि गणपतीत झाकरी नाचली जाते, जिचं नातं आपल्या जाखडीशी आहे. त्यामुळे ही गोष्ट थोडी आपल्या घरचीही आहे. पण मराठी माणसं तिथे मूठभरच. मुख्य गोष्ट आहे ती एकमेकांना नीट न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या जहाजांतून आणून टाकलेल्या लोकांनी एका सभागृहात बसायचं कसं, याची.

दोन साधे प्रश्न

संसद आणि स्वराज्य हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृह असलं म्हणजे स्वराज्य असतंच असं नाही. मी मुलांना दोन प्रश्न विचारायला सांगते. पहिला: सरकारचा पैसा कोणाच्या संमतीने खर्च होतो? दुसरा: कारभार करणाऱ्याला घरी कोण पाठवू शकतं? या दोन्हींचं उत्तर 'लोकांनी निवडलेली माणसं' असं आलं की ते स्वराज्य. नाहीतर ती नुसती बोलायची जागा.

मॉरिशसमध्ये पहिली निवडणूक 1886 मध्ये झाली. कौन्सिलमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सभागृहात, 27 जण. त्यांतले 10 निवडून आलेले, बाकीचे अधिकारी किंवा गव्हर्नरने नेमलेले. मत द्यायला ठराविक मालमत्ता किंवा ठराविक पगार लागे. साडेतीन लाखांहून मोठ्या वस्तीत मतदार होते चार हजारांच्या आसपास. ऊस तोडणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच नाही. निवडून आलेले दहाही जण एक झाले तरी नेमलेल्यांपुढे कमीच पडणार, आणि गव्हर्नरला तर कोणीच हलवू शकत नव्हतं. माझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर: लंडन.

1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना गांधीजींचं जहाज पोर्ट लुईला थांबलं आणि ते दोन आठवड्यांहून जास्त तिथे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असं त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितलं. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून 1907 मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढू लागले. तरीही कौन्सिलवर पहिले दोन भारतीय वंशाचे सदस्य निवडून यायला 1926 साल उजाडलं. म्हणजे पहिल्या निवडणुकीनंतर चाळीस वर्षं.

मळ्यांवर मात्र तोवर माणसं गप्प राहिली नव्हती. 1936 मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. 1937 मध्ये उसाच्या भावावरून दंगे झाले, युनियन फ्लाक इथे गोळीबारात माणसं मेली. 1943 मध्ये बेल व्ह्यू हॅरेल इथे संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांमध्ये अंजली कुपेन ही गरोदर बाई होती. मॉरिशसमध्ये आज तिच्या नावाचं क्रीडांगण आहे. मतदार यादीत जिचं नाव येण्याची शक्यताच नव्हती, अशी ती बाई होती.

पाटीवर गिरवलेलं नाव

इंग्रजांना काहीतरी द्यावंच लागलं. 1947 च्या नव्या घटनेने मालमत्तेची अट काढली आणि तिच्या जागी साक्षरतेची अट आणली: बेटावर चालणाऱ्या कोणत्याही एका भाषेत साधी वाक्यं वाचता-लिहिता आली की मत देता येईल.

माझ्या मते मॉरिशसच्या लोकशाहीचा खरा पाया इथे घातला गेला. तोही कौन्सिलच्या इमारतीत नव्हे, खेड्यांमधल्या बैठकांमध्ये. 'बैठका' हा शब्द तिथे आजही तसाच चालतो. गावात एक साधी खोली, जिथे संध्याकाळी माणसं जमायची, रामायण वाचायची, मुलांना हिंदी शिकवायची. बासदेव बिसुनदयाल हे भारतात शिकून 1939 मध्ये परतलेले गृहस्थ. त्यांच्या जन आंदोलनाच्या स्वयंसेवकांनी गावोगाव प्रौढांना अक्षरं शिकवायला घेतली. दिवसभर ऊस तोडून हाताला चिरा पडलेला माणूस संध्याकाळी पाटीवर आपलं नाव गिरवतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. कोयता धरणाऱ्या हाताला पेन्सिल धरणं सोपं नसतं. चार ओळी वाचता आल्या की तो मतदार होणार, आणि चुकलं तर साहेब परत पाठवणार.

त्या आधीच्या यादीत 12 हजारांच्या आत नावं होती. 1948 च्या यादीत जवळजवळ 72 हजार. एका वेळेत सहापट! निवडून आलेल्या 19 जणांमध्ये बहुसंख्य भारतीय वंशाचे होते आणि एमिलियन रोशकुस्त या बाईही होत्या. निकाल लागल्यावर गव्हर्नरने आपल्या अधिकारातले 12 जण नेमले. ते बहुतांशी जुन्या मळेवाल्यांच्या बाजूचे होते, शिवाय तीन अधिकारी होतेच. मोजायला गेलं तर लोकांनी निवडलेल्यांचं बहुमत होतं. पण निवडलेल्यांमधलेही काही जण नेमलेल्यांच्या बाजूने हात वर करत.

पुढच्या पायऱ्या मी भराभर सांगते, कारण त्या बऱ्याचशा भारतातल्यासारख्याच आहेत. 1957 मध्ये निवडून आलेल्यांना खाती मिळाली. 1959 मध्ये प्रत्येक प्रौढाला मत मिळालं, साक्षरतेची अट गेली. 1961 मध्ये नवीन रामगुलाम यांचे वडील डॉ. शिवसागर रामगुलाम मुख्यमंत्री झाले, 1964 मध्ये त्यांचा हुद्दा 'प्रीमियर' झाला. प्रत्येक पायरीवर गव्हर्नरचा एक अधिकार कमी झाला आणि सभागृहाचा एक वाढला.

मग भीती कसली होती?

सगळ्यांना मत मिळालं की भांडण संपायला हवं होतं. मॉरिशसमध्ये इथेच ते पेटलं.

हिशोब सरळ होता. भारतीय वंशाचे हिंदू निम्म्याहून थोडे जास्त. म्हणजे मुसलमान, चिनी, आणि आफ्रिकन-मिश्र वंशाचे क्रिओल या सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट: इंग्रज गेला की राज्य कायमचं 'त्यांचं' होणार, आणि आपण कायमचे विरोधी बाकावर. भीती खरी होती की वाढवलेली, यावर आजही वाद घालता येईल. पण भ्यालेल्या माणसाला "तू उगाच भितोस" म्हणून समजूत पटत नाही. त्याला काहीतरी लेखी द्यावं लागतं.

काही मुस्लिम पुढाऱ्यांनी स्वतंत्र मतदार याद्यांची मागणी केली. म्हणजे मुसलमानांनी मुसलमान उमेदवारालाच मत द्यायचं. हे आपल्याला ओळखीचं आहे. आपल्याकडे 1909 च्या कायद्याने असेच स्वतंत्र मतदारसंघ आणले आणि त्याची किंमत आपण पुढे कशी मोजली, ते आपल्याला ठाऊक आहे. मॉरिशसमध्ये ती मागणी मान्य झाली नाही आणि माझ्या मते त्या बेटाच्या नशिबातली ही सर्वांत चांगली गोष्ट. एकच यादी राहिली. हिंदू उमेदवाराला क्रिओलचं मत मागावंच लागलं आणि क्रिओल उमेदवाराला मुसलमानाचं.

सप्टेंबर 1965 मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये घटना परिषद भरली. त्या परिषदेच्या आड एक वेगळाच सौदा चालला होता. मॉरिशसच्या कारभाराखालचा चागोस द्वीपसमूह ब्रिटनला स्वतःकडे ठेवायचा होता, कारण तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. 23 सप्टेंबरला पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन रामगुलामांना भेटणार होते. त्या भेटीआधी विल्सन यांच्या खाजगी सचिवाने लिहिलेलं टिपण आता सगळ्यांना वाचता येतं. त्यातला मतलब असा: आशा दाखवून त्यांना घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणाने वागले नाहीत तर ते मिळणार नाही ही भीती. रामगुलामांनी मान्य केलं. 8 नोव्हेंबर 1965 ला चागोस तोडलं गेलं. मोबदला 30 लाख पौंड. तिथल्या रहिवाशांना पुढच्या काही वर्षांत उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं. स्वराज्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाची मानगूट कशी धरली जाते, हे पाहायचं तर ते टिपण वाचावं. मी वर्गात वाचून दाखवते.

तर भीतीवरचा लेखी उपाय काय निघाला? 1966 मध्ये निवडणुकीची पद्धत सुचवायला बॅनवेल आयोग आला. त्याच्या शिफारशींवर भांडण झालं, मग ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाऊस येऊन तडजोड करून गेले. तिचं नाव 'बेस्ट लूजर'. मराठीत 'सर्वांत चांगला पराभूत' म्हणता येईल.

हिशोब असा आहे

मुख्य बेटाचे 20 मतदारसंघ. प्रत्येकातून तीन जण निवडायचे. रॉड्रिग्ज हे 560 किलोमीटरहून जास्त पूर्वेला असलेलं छोटं बेट, तिथून दोन. एकूण 62.

मतदाराच्या हातात एकच लांब मतपत्रिका येते आणि तिच्यावर तीन फुल्या माराव्या लागतात. कमी नाही, जास्त नाही. दोनच मारल्या तर मत बाद. या तीन फुल्यांचा परिणाम मोठा आहे. पक्षाला एका मतदारसंघात तीन उमेदवार द्यायचे असतात, म्हणून शहाणा पक्ष तिघंही एकाच समाजाचे देत नाही. एक हिंदू, एक मुसलमान, एक क्रिओल असं त्रिकूट तिथे अगदी नेहमीचं. म्हणजे घटनेने सांगण्याआधीच पक्ष मिसळ करून ठेवतात.

एवढं करूनही निकालात एखादा समाज मागे पडलाच, तर 62 च्या वर जास्तीत जास्त आठ जागा भरायच्या. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात चार समाज धरले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन, आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या'. चौथ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे: ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांपैकी कोणात बसत नाही असं दिसतं, तो चौथा. म्हणजे क्रिओल मजूर आणि फ्रेंच मळेवाला, दोघं एकाच खान्यात! आणि मराठी, तमिळ, तेलुगू हे सगळे 'हिंदू'मध्ये.

आता पहिल्या चार जागा. आकडे मी फळ्यावर सोपे करून घेते, ते खरे नाहीत. समजा अ समाज 6 लाख, त्याचे निवडून आलेले 40. ब समाज दीड लाख, त्याचे 7. क समाज 2 लाख 45 हजार, त्याचे 14. ड समाज 28 हजार, त्याचा 1. बेरीज 62.

प्रत्येकाच्या जागांमध्ये एक मिळवायचा आणि त्याने लोकसंख्येला भागायचं. एक का मिळवायचा? कारण आपण विचारतो आहोत, "याला आणखी एक जागा दिली तरी एका प्रतिनिधीमागे किती माणसं उरतील?" अ चं उत्तर सुमारे 14,600. ब चं 18,750. क चं सुमारे 16,300. ड चं 14,000. सर्वांत मोठा आकडा ब चा, म्हणजे सर्वांत जास्त गर्दी त्याच्या प्रतिनिधींमागे. पहिली जागा ब ला. आता ब चे 8 झाले, पुन्हा एक मिळवून भागा: 16,667. अजूनही क च्या पुढेच, दुसरी जागाही ब ला. मग ब उतरतो 15,000 वर आणि तिसरी जागा क कडे जाते. चौथीही क कडेच. मुलं हे गणित दहा मिनिटांत शिकतात. मोठ्यांना ते अवघड वाटतं, कारण त्यांना त्यात राजकारण दिसतं.

ती जागा कोणाला मिळते? त्या समाजाच्या हरलेल्या उमेदवारांपैकी ज्याने आपल्या मतदारसंघात मतांचा सर्वांत मोठा वाटा मिळवला होता, त्याला. सरकार नेमत नाही, पक्ष नेमत नाही. त्याला लोकांनी मतं दिलेली असतात, फक्त जिंकण्याइतकी नसतात. पहिल्या चार जागा देताना पक्ष बघत नाहीत, म्हणून पक्षांचं मूळ गुणोत्तर हलतं. ते पुन्हा जागेवर आणायला पुढच्या चार जागा असतात.

एक उदाहरण पुरे. 1976 मध्ये निवडून आलेले असे होते: एमएमएम हा तरुणांचा डावा पक्ष 30, शिवसागर रामगुलामांची बाजू 25, पीएमएसडी हा तिसरा पक्ष 7. आठ जागा भरल्यावर झालं 34, 28 आणि 8. म्हणजे कोण मोठा, कोण छोटा हा क्रम तसाच राहिला आणि मागे पडलेल्या समाजांना माणसं मिळाली.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मतदान सरकार ठरवायला घेतात, आणि सरकार बेस्ट लूजरने बदलत नाही. या जागा फक्त एवढं बघतात की सभागृहात डोकावल्यावर कोणालाही "इथे माझ्यातला कोणी नाही" असं म्हणावं लागू नये.

कसोट्या

7 ऑगस्ट 1967 ची निवडणूक म्हणजे जवळजवळ सार्वमतच होतं. स्वातंत्र्य हवं म्हणणाऱ्यांना 39 जागा आणि निम्म्याहून थोडी जास्त मतं. गाएतां दुव्हाल यांचा पीएमएसडी पक्ष ब्रिटनशी जोडून राहू म्हणत होता, त्याला 23 जागा आणि 44 टक्के मतं. जो देश स्वतंत्र व्हायचा होता, त्यातल्या दर शंभर मतदारांपैकी 44 जणांनी स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिला होता! जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत दंगली पेटल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. समारंभाला येणाऱ्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. तरी 12 मार्च 1968 ला शां द मार्सच्या मैदानावर झेंडा चढला. 12 मार्च ही दांडी यात्रा निघाल्याची तारीख.

यानंतर बहुमतवाल्यांनी स्वतःच एक वाईट गोष्ट केली. 1972 मध्ये व्हायची निवडणूक त्यांनी घटना बदलून 1976 पर्यंत ढकलली. मधल्या काळात आणीबाणी होती, विरोधक तुरुंगात होते. नवी संसद स्वतःचीच मुदत वाढवून घेते, तेव्हा माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, घरी कोण पाठवणार याचं, उत्तर 'कोणीच नाही' असं होतं. म्हणून पुढे घटनेत एक कलम आलं. संसदेची पाच वर्षांची मुदत बदलायची असेल, तर सार्वमतात किमान तीन चतुर्थांश मतदारांची संमती हवी आणि शिवाय सभागृहातल्या एकूण एक सदस्याचा पाठिंबा हवा. 'देश लोकशाही राहील' या पहिल्याच कलमालाही तेवढंच कुलूप आहे. इतकं जड कुलूप मी दुसऱ्या फारशा घटनांमध्ये पाहिलेलं नाही. चटका बसलेल्या माणसांनी ते घातलं आहे.

1982 मध्ये खरी परीक्षा झाली. विरोधकांच्या आघाडीने 64 टक्के मतांवर मुख्य बेटाच्या सगळ्या 60 जागा घेतल्या. राष्ट्रपिता म्हणून ओळखले जाणारे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले. सत्ता शांतपणे बदलली. 36 टक्के मतदार मात्र एका जागेविना राहिले असते, पण बेस्ट लूजरच्या चार जागांमुळे समोरच्या बाकावर चार माणसं बसली. समाजांसाठी केलेली सोय पक्षांनाही वाचवून गेली. 1995 मध्ये पुन्हा 60-0 झालं, 2024 मध्ये पुन्हा. लेजोंगार संसदेत आले ते अशाच जागेवरून.

1992 मध्ये देश प्रजासत्ताक झाला, इंग्लंडच्या राणीऐवजी राष्ट्रपती आला. त्या पदाचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 2002 मध्ये दहशतवादविरोधी विधेयक संसदेने मंजूर केलं. राष्ट्रपती कासम उतीम यांना ते नागरिकांच्या हक्कांवर घाला घालणारं वाटलं. घटनेप्रमाणे राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतो. पुन्हा मंजूर होऊन आलं तर सही करावी लागते. उतीम यांनी सही केली नाही आणि संसदेला अडवूनही धरलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. उपराष्ट्रपतींनीही दिला. शेवटी सरन्यायाधीशांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली. निवडून आलेल्यांचा अधिकारही राहिला आणि एका माणसाचा विवेकही.

जुनं कापड, नवं अंग

आता दुसरी बाजू. समाजांची लोकसंख्या मोजायला जनगणना हवी. पण 1972 नंतर जनगणनेत समाज विचारणं बंद झालं. म्हणजे आजही वर सांगितलेला भागाकार 1972 च्या आकड्यांवर करतात. पन्नास वर्षांहून जुन्या मापाने शिवलेला सदरा आज अंगावर चढवायचा.

शिवाय प्रत्येक उमेदवाराला अर्जावर लिहावं लागतं की मी या चारपैकी कोण. ज्याची आई तमिळ आणि वडील क्रिओल, त्याने काय लिहायचं? 'रेझिस्तांस एक आल्टरनातिव' या गटाच्या उमेदवारांनी लिहायला नकार दिला आणि त्यांचे अर्ज बाद झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. 2012 मध्ये समितीने मॉरिशसला दोष दिला: आकडे ताजे करत नाही, तर घोषणेची सक्ती मनमानी ठरते. 2014 च्या निवडणुकीपुरती सक्ती उठवली गेली, नंतर ती परत आली. त्याआधी 2002 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने पक्षांच्या मतांच्या प्रमाणात काही जागा वाढवा असंही सुचवलं होतं.

मला स्वतःला वाटतं की उमेदवाराला समाज लिहायला लावणं आता थांबलं पाहिजे. कागदावरचा खाना माणसाला आयुष्यभर चिकटतो. पण ही व्यवस्था एका रात्रीत मोडा म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला एवढ्यावरून तिथे एवढा क्षोभ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. नोटेवरच्या ओळींचा क्रम जिथे एवढा लागतो, तिथे संसदेतली खुर्ची काढून घेताना आधी तिच्या जागी काय देणार ते दाखवावं लागेल. प्रमाणशीर जागा हा मला त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग वाटतो.

स्वराज्याचे काही धागे अजून बाहेर आहेत. शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायमंडळाकडे जातं. रॉड्रिग्जने 1967 मध्ये जवळजवळ एकमुखाने स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं होतं. 2001 च्या कायद्याने त्या बेटाला स्वतःची प्रादेशिक सभा मिळाली. म्हणजे एकेकाळी मॉरिशसने लंडनकडे जे मागितलं, तसंच काही पोर्ट लुईला रॉड्रिग्जला द्यावं लागलं. आणि चागोस: 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते तोडणं बेकायदा होतं असं मत दिलं, मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सह्या केल्या. दिएगो गार्सियाचा तळ मात्र 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहील, असं त्यात ठरलं. ज्यांना घरातून उचललं, त्या चागोसवासीयांना 1965 च्या सौद्यात कोणी विचारलं नव्हतं, आणि 2025 च्या करारातही आम्हाला नीट विचारलं नाही, असं त्यांच्यातले अनेक जण म्हणतात.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मंगळवारी मिळतं. मॉरिशसची संसद साधारण मंगळवारी साडेअकराला भरते. सुरुवातीलाच विरोधी पक्षनेत्याचा एक खास प्रश्न असतो. तो विचारायचा हक्क दुसऱ्या कोणालाही नाही. त्याला अर्धा तास राखून ठेवलेला असतो आणि ज्या मंत्र्याला तो विचारला, त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, मग ते पंतप्रधान का असेनात. 2024 नंतरच्या सभागृहात एका बाजूला 60 जागा जिंकून आलेली आघाडी होती. समोरून एक हरलेला माणूस उठला आणि त्याने प्रश्न विचारला.